ओहोटी आणि सुताचं टोक

आमच्या समोरचा फ्लॅट विकायला निघाला आणि बायकोने ठरवलं, तो तिच्या धाकट्या बहिणीनेच घ्यायचा. बहीण तयार होती. अडून बसले होते ते साडू. साताऱ्याचे, कृष्णेचं पाणी प्यालेले. फोनवर म्हणाले, "भिवंडीत गोडाऊन सोडून बघण्यासारखं आहे काय?"

हे मला झोंबलं. म्हटलं, आमच्या नदीतून खाडीपर्यंत होडीने एकदा फिरा, काश्मीरला जाणारे तिकिटं परत करतात. मगरी आहेत का, त्यांनी विचारलं. आहेत, पण लाजाळू, मी सांगितलं.

शुक्रवारी आमचे कापडाचे लूम बंद असतात, तो मुहूर्त धरला. पाहुणे पहाटेच पोचल्यामुळे त्यांना रस्ता मोकळा मिळाला. होडी एका कोकणी चाचांची. पूर्वी रेती काढायचे, आता मासे. निघतानाच त्यांनी बजावलं, "शेठ, ओहोटीच्या आत परत. टाइमपास नाय करायचा."

सुरुवात अशी झाली की माझ्या थापांवर माझाच विश्वास बसला. दोन्ही काठांना तिवरांची झाडं, त्यांत निळा खंड्या, पाण्यात डोंगर उलटे. साडू "वा" म्हणाले. बायकोने माझ्याकडे जशी नजर टाकली, तशी लग्नातही टाकली नव्हती.

मग वळण आलं. वळणापलीकडे अख्ख्या ठाणे जिल्ह्याने घर रिकामं करून पाण्यात मांडलं होतं. बाटल्या, थर्माकोलचं मखर, एकाच पायाच्या चपला (दुसऱ्या पायाच्या एव्हाना वसईला पोचल्या असाव्यात) आणि तिवरांत अडकलेला सोफा. सोफ्यावर बगळा, असा ऐसपैस की आता चहा मागेल. फांद्यांना पिशव्या इतक्या लटकलेल्या की पानं शोधावी लागत होती. "साडूभाऊ, डावीकडे डोंगर बघा," मी म्हणायचो, तर डावीकडून गादी यायची. उजवीकडे बघा म्हणावं, तर तिच्या उशा. शेवटी मी त्यांना आभाळ दाखवलं. डोकं भणाणलं होतं. नदी आहे की लोकांचा पोटमाळा?

तेवढ्यात इंजिन घुसमटून बंद पडलं. होडीच्या पाण्याखालच्या पंख्याला लूमवरचं टाकाऊ सूत गुंडाळलं होतं, चांगला कलिंगडाएवढा गोळा. चाचांनी पंखा वर घेतला आणि सुरी काढली.

"थांबा, कापू नका," मी म्हणालो.

जन्म लूमवर गेला माझा. गुंता दिसला की आमच्या माणसाचा हात सुरीकडे जात नाही, टोक शोधतो. टोक सापडलंही. मी अंगठ्या-कोपरावर सूत गुंडाळत बसलो.

"शेठ, पाणी उतरतंय. कापू द्या."

"झालंच, चाचा. सूत चांगलं आहे."

"वहिनीला साडी विणताय काय?"

झालंच म्हणेपर्यंत एवढं सूत निघालं की ते गणेशपुरीला जाऊन परत आलं असतं. पंखा सुटला आणि त्याच क्षणी होडी अलगद चिखलात बसली. नदी निघून गेली होती. मागे राहिला होता तो सगळा संसार, आमच्याभोवती, बगळ्यासकट.

"आता भरतीपर्यंत बसा," चाचा म्हणाले. "सोफा हाय."

साडूंनी नाकाला रुमाल लावला. गेला फ्लॅट, मी मनात म्हटलं. आता आयुष्यभर जेवताना ऐकायचं. भीत भीत बायकोकडे पाहिलं, तर तिला माझं भानच नव्हतं. दोघी बहिणी एकमेकींना टेकून बसल्या होत्या. माहेरच्या लोणच्यापासून निघालेल्या गप्पा भावजयीपर्यंत पोचल्या होत्या आणि हसून हसून दोघींच्या डोळ्यांत पाणी होतं. भरती आली, होडी हलली, तरी त्यांना कळलं नाही.

साडू बराच वेळ आपल्या बायकोकडे बघत होते. मग त्यांनी रुमाल खाली घेतला.

"तो फ्लॅट नदीच्या बाजूला नाही ना?"

"छे. रस्त्याकडे. खिडकीतून ट्रक दिसतात."

"मग घेतो. ही घरी एवढी हसत नाही. आणि ट्रक निदान पुढे तरी सरकतात."

भिवंडीचे ट्रक त्यांनी भर दुपारी पाहिले नव्हते. मी सूत गुंडाळत राहिलो.