सव्वादोनच्या बांगड्या

वरवट बकालला घरोघर बांगड्या भरणाऱ्या खैरुन्निसाला माणसं चेहऱ्यापेक्षा हातांनी जास्त आठवत. कुणी सत्यभामाबाईच्या थोरल्या सुनेचं नाव काढलं, की ती क्षणभर डोळे मिटायची. "हाव, अंगठ्यापाशी पोयल्याचा डाग हाये तिच्या. सव्वादोन." गावातल्या आणि आसपासच्या दोन-अडीचशे हातांची मापं तिच्या डोक्यात होती. नवरा गुलजार खामगावहून माल आणायचा आणि ती टोपली घेऊन दारोदार फिरायची. समोरचीचा पंजा हातात घेऊन कणीक मळावी तसा मळत, इकडच्या तिकडच्या गोष्टी काढत ती बांगडी कधी चढवायची, ते कळायचंही नाही.

ही विद्या तिच्या सासूची. सासूनं विद्येबरोबर एक रीतही दिली होती. बाईमाणसाला तुझा हात थोराड झाला असं कधी सांगायचं नाही. बांगडी मोठी काढायची, पण तोंडानं जुनाच आकडा म्हणायचा. त्यात कुणाचं काही जात नाही आणि गिऱ्हाईक हसत उठतं. खैरुन्निसानं बावीस वर्षं ही रीत पाळली. बाळंतपणानंतर भरलेल्या, निंदणीनं राठ झालेल्या कितीतरी हातांना ती सव्वादोनच म्हणत आली.

गोजरबाईलाही तेच.

गोजरबाई म्हणजे उकंडराव पाटलांची बायको. बांगड्या भरून झाल्या की रिवाजाप्रमाणे खैरुन्निसाला वाकून नमस्कार करायची आणि लगेच दटावायची, "चहा घेतल्याबिगर उठशीन त पाह्य!" लग्न होऊन आली तेव्हा तिचा हात खरोखरच सव्वादोनचा होता. चार वर्षांपूर्वी, मुलीच्या लग्नात, तो अडीचवर गेला. चाळिशीकडं बाई भरतेच, म्हणून खैरुन्निसाला नवल वाटलं नाही. पण १९७६च्या संक्रांतीला अडीचची बांगडी अंगठ्याच्या हाडाशी अडली आणि तडकली. हातावर सूज नव्हती, मांसही चढलं नव्हतं. हाडच रुंद झालं होतं. खैरुन्निसानं गुपचूप पावणेतीनच्या बांगड्या काढल्या.

"काय वं, यंदा माल आकसला वाटते तुया," गोजरबाई म्हणाली. तिचा आवाजही जड झाला होता.

"थंडी हाये ना बाई. काचही आखडते," खैरुन्निसा हसली. "सव्वादोनच हाये."

फाल्गुनात गोजरबाईचं डोकं ठणकायचं थांबेना, तेव्हा उकंडराव तिला अकोल्याला मोठ्या डॉक्टरकडं घेऊन गेले. परत आल्याबरोबर तिनं खैरुन्निसाला ओट्यावर बोलावून घेतलं.

"तुया बांगडीनंच वाचवलं मले! डाक्तर माह्या नाकाकडं पाहे, जबड्याकडं पाहे, नि इचारे, हातपाय वाढले काय? मेंदूखाली म्हने वाटान्याएवढी गाठ असते सगळ्याईले. तिचा रस रक्तात उतरते, त्यानं लेकरं वाढतात. मोठेपनी तो रस लई झाला त हाडं रुंद होत जातात, मंग डोयेही जातात. रक्त मुंबईले मोजा लागते म्हने."

"मंग?"

"मंग काय! म्या सांगतलं, माही बांगडी लग्नापासून सव्वादोन हाये, इचारा आमच्या खैरूनले. डाक्तर म्हने, मंग थांबू. ह्या गोया घ्या, सहा महिन्यानं या."

खैरुन्निसानं चहाचा कप तसाच खाली ठेवला. 'बरं झालं बाई' एवढंच तिला म्हणता आलं.

घरी येऊन तिनं गुलजारला सगळं सांगितलं. तो बांगड्यांचे तोडे दोरीनं बांधत होता. त्याचे हात थांबले.

"सांगशीन त पाटील दारात उभी नाही करनार. सारं गाव म्हनन, आमचीही मापं खोटीच काय?"

"अन् न सांगतलं त?"

गुलजारनं दोरी पुन्हा हातात घेतली, पण गाठ त्याला बसेना.

दोन दिवस ती टोपली घेऊन हिंडली. ज्या हाताला हात लावावा, त्यात तिला ते रुंद हाड लागल्यासारखं व्हायचं. आपलंच काही चुकत असेल, वयोमानानं हात फसत असतील, असं ती मनाला सांगून पाहायची. पण हात फसले नव्हते, हे तिला ठाऊक होतं. तिसऱ्या दिवशी तिनं फडक्यात तीन बांगड्या बांधल्या आणि पाटलांच्या ओट्यावर जाऊन बसली. उकंडराव तिथंच पान लावत होते.

"गोजरबाई, हात दे."

पहिली बांगडी बोटांच्या पेरांवरच अडली. "ही सव्वादोन. तुया लग्नातली." दुसरी अंगठ्याशी थांबली. "ही अडीच. पोरीच्या लग्नातली." तिसरी मनगटावर उतरली. "ही पावनेतीन. चार वर्सांपासून खोटं सांगून राह्यली मी तुले."

"काऊन?" उकंडरावांनी विचारलं.

"बाईले वाईट वाटू नये म्हनून. सासूची रीत हाये आमची."

"आग लागो तुया रीतीले!"

गोजरबाई मात्र ओरडली नाही. आपला हात दुसऱ्या कुणाचा असावा तसा ती उलटापालटा करून पाहत होती. मग म्हणाली, "बावीस वर्सं पाया पडली वं मी तुया." त्या दिवशी तिनं चहा विचारला नाही.

उकंडराव त्याच तीन बांगड्या खिशात घालून बायकोसह अकोल्याला गेले. डॉक्टरांनी त्या टेबलावर एकीत एक ठेवल्या, बराच वेळ पाहिल्या आणि मुंबईला चिठ्ठी लिहून दिली. मुंबईत गोजरबाईचं रक्त आधी उपाशीपोटी काढलं, मग साखरेचं पाणी पाजून तासातासानं काढलं. निरोगी माणसाचा तो रस साखरेनं खाली उतरतो, असं तिथं सांगितलं. कागद महिन्याभरानं टपालानं येणार होता.

तो महिना खैरुन्निसाला फार जड गेला. पाटलांच्या गल्लीत ती फिरकली नाही. पण टपालवाला दिसला की तिचे पाय आपोआप त्याच्यामागं दोन पावलं जायचे. नमाजाला बसली की ती एकच मागायची, मला खोटी पाड. आपलं माप चुकावं असं आयुष्यात तिला पहिल्यांदाच वाटत होतं.

एका दुपारी उकंडराव स्वतः तिच्या दारात येऊन उभे राहिले. आत या म्हटलं तरी आले नाहीत.

"कागद आला. रस दहाच्या आत पाह्यजे होता म्हनते डाक्तर. छप्पन निघाला. साखरेच्या पान्यानंही उतरला नाही." त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली. "सोमवारी ऑपरेशनसाठी मुंबईले निघाचं हाये. डोयाले अजून धक्का नाही. सहा महिने थांबलो असतो त..."

वळता वळता ते म्हणाले, "बोलावून राह्यली तुले. जायाच्या आधी बांगड्या भराच्या हायेत तिले."

खैरुन्निसा गेली. गोजरबाईनं सुनेला, शेजारणींना, सगळ्यांना बसवून घेतलं होतं. तिनं हात पुढं केला.

"किती?"

"पावनेतीन."

"मोठ्यानं म्हन. कबरीत तुया सासूले आयकू जाऊ दे."

"पावनेतीन!" खैरुन्निसा म्हणाली. बायका हसल्या. हिरव्या बांगड्या एकेक करून चढल्या. या वेळी इकडच्या तिकडच्या गोष्टी निघाल्या नाहीत.

"आल्यावर पुन्हा पाह्यजो," गोजरबाई हळूच म्हणाली. "हात अजून वाढला असन त सांगशीन?"

"सांगीन."

"मंग पायाही तवाच पडीन. तू खरं कितीक दिवस बोलते ते पाहून." ती उठू लागली आणि डोकं धरून पुन्हा खाली बसली. खैरुन्निसानं तिचा हात धरला तो सोडलाच नाही. "अन् चहा घेतल्याबिगर उठशीन त पाह्य," गोजरबाई डोळे मिटूनच म्हणाली.