सरदाराच्या घोड्यांची विहीर

वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत मी तीस वर्षं क्वालिटी इन्स्पेक्टर होतो. केसाएवढा फरक असला तरी पार्टवर लाल शिक्का मारून परत पाठवायचो. कामगार माझ्यामागे काय बोलायचे ते मला माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर त्याचा मला अभिमान वाटायचा. अशा माणसाने आयुष्यात एकदाच एक वस्तू न तपासता पास केली. ती वस्तू म्हणजे एक सरदार, घोड्यांसकट.

घोडबंदर रोडला आमची सोसायटी उभी राहिली तेव्हा मागच्या मोकळ्या जागेत बाग करायचं ठरलं. त्या जागेत एक जुनी विहीर होती. बागेचं काम ज्या संस्थेने घेतलं होतं, तिचा एक माणूस उद्घाटनाच्या आदल्या दिवशी दुपारी धावत माझ्याकडे आला. ‘काका, तुमचं मराठी चांगलं आहे म्हणतात. विहिरीच्या इतिहासावर पाच-सहा ओळी द्या, संध्याकाळी बोर्ड प्रिंटला जायचाय.’ मी विचारलं, इतिहास काय आहे? तो म्हणाला, ‘तेच तर तुम्ही लिहायचंय.’

समोरचा चहा निवायच्या आत मी लिहून मोकळा झालो. घोडबंदर रोड म्हटल्यावर घोडे आलेच. घोडे आले म्हणजे त्यांचा मालक कोणी सरदार असणार. मुक्काम असणार, आणि मुक्कामाला घोड्यांना तहान लागणारच. म्हणून सरदाराने विहीर खोदवून घेतली. आमच्याकडे कुठल्याही डबक्याला घोड्यांनी पाणी प्यायल्याशिवाय मान मिळत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. शेवटी ‘असे सांगितले जाते’ एवढं जोडलं. कोण सांगतं हे आपल्याकडे कोणी विचारत नाही. त्या दुपारी तरी एकटा मीच सांगत होतो.

मी हे लिहीत होतो तेव्हा विहिरीच्या काठावर एक बाई बसली होती. आमच्या सोसायटीची जमीन मूळ त्यांच्या घराची. पिढ्यान् पिढ्या भातशेती आणि मिठागरावर राबलेली माणसं, आता आमच्याच ए विंगमध्ये राहतात. तिला सगळे मावशी म्हणतात. मावशीला लिहिता-वाचता येत नाही. सोसायटीच्या कागदांवर ती अंगठा उठवते, आणि आधी तो कागद मोठ्याने वाचून घेते. त्या दुपारी तिला एक प्रश्न विचारला असता तर माझा सरदार घोड्यावरून खाली उतरला असता. मी विचारला नाही. बोर्ड संध्याकाळी प्रिंटला जायचा होता ना.

उद्घाटनाच्या दिवशी मी पाहुण्यांचे गुच्छ सांभाळत होतो, तेव्हा मावशीने मला थांबवलं. ‘सायब, काय लिवलंय रं ह्याच्यावर?’

‘तुमच्या विहिरीचा इतिहास लिहिलाय, मावशी,’ मी म्हटलं आणि पुढे सटकलो. मागे वळून पाहिलं तर ती बोर्डावरून हात फिरवत होती.

तेव्हापासून मावशी रोज सकाळी त्या बोर्डाखालच्या बाकावर बसते. धूळ साचली की पदराने बोर्ड पुसते. आणि मी तेव्हापासून फिरायला दुसऱ्या वाटेने जातो, कारण त्या वाटेला म्हणे सावली जास्त आहे.

अशी काही वर्षं बरी गेली. मग यंदा शहरभर खजिन्याचा शोध जाहीर झाला. विषय होता, आपल्या शहरातल्या बागा आणि त्यांचा इतिहास. बक्षीस म्हणजे एक ढाल आणि प्रत्येकाला एअर फ्रायर. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी आधीच उत्साही, त्यात एअर फ्रायर. त्यांनी तासाभरात व्हॉट्सॲप ग्रुप काढला, त्याला ‘मिशन खजिना’ नाव दिलं आणि मला इतिहासप्रमुख नेमलं. ‘काका, बोर्ड तुमचाच आहे. तुमच्याइतका इतिहास इथे कोणाला येतो?’

घरी आल्यावर बायकोला सांगितलं. त्या बोर्डाचा मजकूर कसा जन्माला आला हे तिला माहीत होतं, कारण तो चहा तिनेच केला होता. ती म्हणाली, ‘घोडे तुमचे आहेत. आता तुम्हीच सांभाळा.’

तयारी सुरू झाली. दर रविवारी आम्ही एकेक बाग पालथी घालायचो. बागांचा इतिहास शोधायला गेलेल्या माणसाला आपल्याकडे इतिहास सापडत नाही, कोनशिला सापडतात. एका बागेत भूमिपूजनाची एक, लोकार्पणाची एक, नूतनीकरणाच्या लोकार्पणाची एक आणि सुशोभीकरणाच्या भूमिपूजनाची एक, अशा चार शिला एका ओळीत उभ्या होत्या. बाग त्यांच्यामागे कुठेतरी होती. डोंबिवलीला मेहुणीकडे गेलो होतो तेव्हा तिथल्या बागेतले बाकही मी तपासले. प्रत्येक बाकावर कोणाच्या तरी स्मरणार्थ असं लिहिलेलं, आणि सगळ्यात मोठी अक्षरं बाक देणाऱ्याची. सेक्रेटरी हे सगळं वहीत उतरवून आमच्याकडून पाठ करून घ्यायचे. साठी उलटलेली माणसं लिफ्टमध्ये भेटली की एकमेकांना विचारायची, ‘तिसरं लोकार्पण कोणाच्या हस्ते?’

मग नियमांची पुस्तिका आली. प्रत्येक टीममध्ये पंचाहत्तरीच्या वरचा एक माणूस हवा, आणि शेवटच्या ठिकाणी उत्तर त्यानेच द्यायचं. सेक्रेटरींच्या डोक्यात लगेच एकच नाव आलं. मावशी.

मावशी एकदम तयार झाली. हिरवं नऊवारी नेसून बागेतल्या मीटिंगला आली आणि बोर्डाखालच्या आपल्या बाकावर बसली. सेक्रेटरींनी मोबाइल रेकॉर्डिंगला लावून विचारलं, ‘मावशी, ह्या विहिरीबद्दल सांगा.’

‘काय सांगू? आमीच खनली. मी, माझी सासू न् दोन नंदा. मी तवा नवी नवरी. खाडीच्या अंगाला सगलं खारं पानी, प्यायला थेंब नाय. दिवसभर मिठागरावर, तिकरून आलं का इकरं मातीच्या टोपल्या. बापय मानसं वरून दोर ओढायची. बांधाया दगर कमी परला, त माझं माहेरचं जातं फुटलेलं हुतं, त्याचा अर्धा दगर सासूनं भितीत बसवला. अजून आत हाय.’

माझी बायको सगळं मन लावून ऐकत होती. मी बूट बघत होतो. सेक्रेटरींनी रेकॉर्डिंग बंद केलं. ‘छान आहे. पण हे बोर्डावर नाहीये. प्रश्न बोर्डावरून येणार. मावशी, वय झालं की असं होतं, दुसरी एखादी विहीर आठवत असेल तुम्हाला.’

मावशी बोर्डाकडे वळली. ‘मंग ह्याच्यावर काय हाय?’

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, ‘तेच आहे, मावशी. जरा वेगळ्या शब्दांत.’

हे वाक्य माझ्या तोंडून कसं निघालं ते मलाच कळलं नाही. तीस वर्षं मी लोकांना खोटं बोलताना पकडत आलो. ‘साहेब, मशीन बरोबर आहे, मोजमाप चुकलंय,’ असं कोणी म्हटलं की मला आवाजावरून कळायचं. माझा स्वतःचा आवाज मात्र मला बरोबर वाटला. त्या दिवसापासून मी एकच गोष्ट मागत होतो, की खजिन्याच्या यादीत आमची बाग नसावी. त्यासाठी एक नारळही बोललो.

शोधाच्या दिवशी पहिली चिठ्ठी टेंभी नाक्याजवळच्या एका बागेत निघाली, दुसरी वागळे इस्टेटमध्ये. दोन्ही ठिकाणी आमचं पाठांतर कामाला आलं. तिसऱ्या लोकार्पणावर तर आम्हाला बोनस मिळाला. मग तिसरी चिठ्ठी सेक्रेटरींनी फोडली आणि ते गाडीतच ओरडले. ‘सरदाराच्या घोड्यांची तहान जिथे भागली, तिथे या.’

‘ही जागा कुठं रं?’ मावशीने मागच्या सीटवरून विचारलं. ‘आमच्या अंगाला असली काय ऐकलेली नाय.’

घोडबंदर रोडला नेहमीसारखा ट्रॅफिक अडकलेला होता. मी मनातल्या मनात तो वाढावा म्हणून विनवत होतो. पण सेक्रेटरींनी गाडी वाटेत एका गल्लीत लावली आणि आम्ही चालत निघालो. मावशीचा हात बायकोने धरला होता. आम्ही आमच्याच गेटातून आत शिरलो, आणि मावशीच्या चेहऱ्यावर गोंधळ दिसायला लागला.

विहिरीपाशी गळ्यात ओळखपत्र घातलेली एक मुलगी बसली होती. अजून कुठलीच टीम पोचली नव्हती. सेक्रेटरींना एअर फ्रायरचा रंगसुद्धा दिसायला लागला असावा. मुलीने हसून मावशीला विचारलं, ‘आजी, शेवटचा प्रश्न. ही विहीर कोणी खोदली?’

‘आमी,’ मावशी म्हणाली. अगदी ताठ उभी राहून. ‘मी, माझी सासू न् दोन नंदा.’

मुलगी गोंधळली. कागद पाहिला, मग बोर्डाकडे बोट दाखवून म्हणाली, ‘आजी, इथेच लिहिलंय की.’ आणि तिने माझ्या सहाही ओळी मोठ्याने, स्पष्ट उच्चारात वाचल्या. ‘असे सांगितले जाते’ तर तिने फारच गोड म्हटलं.

मावशी म्हणाली, ‘घोरं? कुनाची घोरं?’ मग ती माझ्याकडे वळली. ‘तू बोल्लास माझं लिवलंय.’

मला लाज वाटली. एवढी लाज मला कधीच वाटली नव्हती, आणि ती सगळ्यांसमोर वाटत होती हे त्यातल्या त्यात बरं होतं. मी म्हटलं, ‘मावशी बरोबर सांगतेय. बोर्ड मी लिहिलाय आणि तो खोटा आहे. सरदार-बिरदार कोणी नव्हता.’

सेक्रेटरी दातांतून पुटपुटले, ‘काका, आत्ता नका घोळ घालू.’ मुलगी मात्र समजूतदार होती. ‘काका, पण हीच माहिती आमच्या पुस्तिकेत आहे, तुमच्या सोसायटीच्या वेबसाइटवर आहे, आणि बोर्डावर आहे.’

‘तिन्ही ठिकाणी ती माझ्याच बोर्डावरून गेलीय.’

‘म्हणजे तीन सोर्स झाले ना, काका.’

मावशीला ह्या वादात रस नव्हता. तिने विहिरीवरची लोखंडी जाळी ठोकली आणि मला म्हणाली, ‘बत्ती लाव. वाक.’ मी मोबाइलची बत्ती लावून गुडघ्यांवर बसलो. ‘पिंपलाच्या मुलीच्या खाली बघ. गोल.’ पिंपळाच्या एका मुळाखाली, काळ्या दगडांच्या ओळीत, अर्धा गोल दगड बसवलेला होता. मध्ये खुंट्याचं अर्धं भोक, आणि टाकीचे घाव अजून ओळखू येत होते. कुठल्याही सरदाराने आपल्या विहिरीत फुटकं जातं बसवलं नसतं. बायकोने त्याचा फोटो काढला. मुलीनेही काढला, ‘वॉव’ म्हणाली, आणि कागदावर आमच्या नावापुढे फुली मारली.

ढाल दुसऱ्या सोसायटीला गेली. त्यांच्या आजोबांनी सरदाराचं नाव न अडखळता घेतलं म्हणे. मी तर नावच लिहिलं नव्हतं.

त्या आठवड्यात मी बोर्ड लावणाऱ्या संस्थेला अर्ज केला. चार पानं, स्वच्छ अक्षरात. मजकूर खोटा आहे, तो मी रचला आहे, विहीर ह्या घरातल्या चार बायकांनी खणली, पुरावा म्हणून जात्याचा फोटो सोबत जोडला आहे. इतकं काटेकोर काम मी नोकरीतसुद्धा केलं नव्हतं. उत्तर आलं, ‘आपण पुरवलेल्या मौल्यवान माहितीबद्दल आभार. बोर्डात योग्य ती भर घालण्यात येईल.’ मी ते मावशीला वाचून दाखवलं. ती पुन्हा त्या बाकावर बसायला लागली. मीही सावलीची वाट सोडली आणि तिच्या वाटेने जायला लागलो.

दोन-तीन महिन्यांनी नवा बोर्ड लागला. चकचकीत, जास्त मोठा, कोपऱ्यात घोड्याचं चित्र. मावशी सकाळपासून त्याच्यासमोर उभी होती. मला बघून म्हणाली, ‘आला तुझा बोर्ड. वाच.’

मी आधी मनातल्या मनात वाचला. माझ्या सहा ओळी तशाच होत्या. खाली सातवी होती: ‘सरदाराच्या घोड्यांचा दाणा भरडण्याचे जाते विहिरीच्या भिंतीत आजही पाहावयास मिळते.’

मावशी वाट बघत होती. काहीतरी बरं सांगून टाकावं असं मला वाटलं. तुमचं आणि तुमच्या सासूचं लिहिलंय, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं, आणि तिला कधी कळलंही नसतं. वाक्य तोंडात तयार होतं. मी ते गिळलं आणि सातही ओळी जशाच्या तशा, एक शब्द न गाळता वाचल्या.

तिने शेवटपर्यंत ऐकलं. मग पदर हातात घेतला, पण बोर्ड पुसला नाही.

‘ते जातं माझ्या आयनं डोक्यावर घेऊन आनलेलं,’ ती म्हणाली. ‘विहीर त दिलीसच. आता ते पन घोऱ्यांना दिलास?’

मी हो म्हटलं.