कोळशाच्या डब्यातल्या सासूबाई

माझे सासरे आयुष्यभर गाड्या दुरुस्त करत आले. नाक इतकं तिखट, की बॉनेट न उघडता गळती कुठे आहे ते सांगायचे. आणि त्यांच्याच शेडमध्ये, सासूबाईंच्या गाडीला, रोज दुपारी पेट्रोलचा वास सुटायचा.

शेड आमच्या खोलीला लागूनच. सासूबाईंना जाऊन वर्ष होत आलं होतं. पत्रा तापला की तो वास खोलीत शिरायचा आणि माझ्या अंगावर काटा यायचा, कारण बाहेरून आल्या की त्यांच्या हातांना हाच वास असायचा. एकदा डोकावले, तर सासरे गाडीशेजारी स्टुलावर बसून विचारत होते, "आलीस?"

मला दिवस गेले होते. वास आला की मी भरल्या ताटावरून उठायचे. शेवटी मी तोंड उघडलं. "बाबा, या घरात बाळ येणार आहे. काय तो सोक्षमोक्ष लावा, नाहीतर मी चालले माहेरी."

ते स्टुलावरून उठले. मग त्यांनी मला गाडीखालचा काळा डबा दाखवला.

"यात कोळसा असतो. गाडी उभी असली की टाकीतली वाफ हा धरून ठेवतो. इंजिन चालू झालं की झडप उघडते, इंजिन ती वाफ ओढून जाळून टाकतं. बाहेर काही जात नाही."

"मग हा वास कसला?"

"तुझ्या सासूचा हट्ट, दुसरं काय! पंपावर नळी आपोआप बंद झाली तरी म्हणायची, अजून थोडं टाका. ते जास्तीचं पेट्रोल या डब्यात उतरायचं. कोळसा एकदा भिजला की वाफ धरत नाही. किती ओरडायचो तिला." त्यांनी डब्यावरून बोट फिरवलं. "दोन बोल्टचं काम आहे, पोरी. माझ्याने होईना."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी डबा बदलला. दुपारी पत्रा तापला, पण वास आला नाही. मला हायसं वाटायला हवं होतं. उलट खोलीत एकटं बसवेना. शेडमध्ये बाबा स्टुलावर तसेच बसले होते, पण त्यांचं 'आलीस?' ऐकू आलं नाही.

संध्याकाळी त्याच गाडीतून ते मला डॉक्टरकडे न्यायला निघाले. वाटेत पंपावर थांबलो. नळी खट्कन बंद झाली. बाबांनी खिडकीतून हात बाहेर काढला.

"अजून थोडं टाका."

मी त्यांना अडवायला हवं होतं. पण तो वास आत आला आणि माझ्याच तोंडून निघून गेलं, "आलात, आई?"