कुणाला काय दाखवायचं

माझ्या धाकट्या दिरांचं सिनेमाच्या डिस्क भाड्याने देण्याचं दुकान होतं. बावीस वर्षं चालवलं. गिऱ्हाईक दारात आलं की ते आधी कपाटाकडे नाही, माणसाकडे बघायचे. प्रत्येकाच्या नावाचं एक जाड कार्ड होतं, त्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं असायचं. एकावर ‘कुत्रा मरतो ते देऊ नये’. एकावर ‘नवरा जाऊन तीन महिने. हसवा, पण लग्नाचं नको’.

मग घरोघरी सिनेमे तारेतून यायला लागले. बोट दाबलं की हजार हजर. दुकानात कुणी फिरकेना. भाऊजी रोज काउंटर पुसायचे आणि रस्त्याकडे बघत बसायचे. शेवटी दुकान सोडलं, आणि बोलणंही सोडलं. जेवायला हाक मारली तर यायचे, नाही मारली तर नाही. बावन्न वर्षांचा धडधाकट माणूस घरात सावलीसारखा वावरताना बघवत नाही. मी सकाळी देवापुढे दिवा लावताना एवढंच म्हणायची, बाबा रे, यांना कुणाच्यातरी उपयोगी पडू दे.

मी एका वृद्ध केंद्राच्या स्वयंपाकघरात काम करते. मुलं-सुना नोकरीवर जाताना म्हाताऱ्यांना तिथे सोडतात, संध्याकाळी केंद्राची गाडी त्यांना घरी पोचवते. हॉलमध्ये भिंतीएवढा टीव्ही, जगभरचे सिनेमे त्यात. आणि रोज दुपारी रिमोटवरून भांडणं. निवडण्यात तास जायचा, तोवर निम्मे जण घोरायला लागायचे. मी संचालिकाबाईंकडे भाऊजींचा विषय काढला.

“आठ दिवस बघू,” त्या म्हणाल्या. “जमलं तर कायमचं. नाही जमलं तर तुम्ही मला भीड घालायची नाही.”

“नाही घालणार,” मी म्हटलं.

पहिल्या दिवशी भाऊजी इस्त्रीचा शर्ट घालून आले. टीव्हीवर ‘तुमच्यासाठी खास’ अशी ओळ असते. मशीनला आपल्यापेक्षा जास्त कळत असणार, असं समजून त्यांनी त्यातला पहिला सिनेमा लावला. आता त्यांना काय माहीत, की आमचा पहारेकरी जेवताना तिथेच बसून मारामाऱ्या बघतो, आणि मशीनने तीच सगळ्यांची आवड धरलीय! दहाव्या मिनिटाला रक्ताचा सडा. चाळीस वर्षं दवाखान्यात काढलेल्या नर्सबाई उठल्या.

“जन्मभर हेच पुसलं हो मी,” म्हणाल्या, आणि काठी टेकत बागेत गेल्या. म्हातारे शिंपीकाका झोपलेच. बाकीचेही हळूहळू पांगले.

घरी येताना भाऊजी म्हणाले, “वहिनी, उद्यापासून मी येत नाही. तिथे डिस्क हातात नसते. मला काही सुचतच नाही.”

मला रागच आला. “दुकानात डिस्क बघून देत होता का तुम्ही? माणूस बघून देत होता. ती तुमची कार्डं आठवा.”

दुसऱ्या दिवशी भाऊजी माझ्याआधी तयार होऊन दारात उभे. खिशात कोऱ्या कार्डांचा गठ्ठा.

दोन दिवस त्यांनी टीव्ही लावलाच नाही. चहाचा कप घेऊन एकेकाशेजारी बसले. गुडघे कसे आहेत, लहानपणी कुठे राहत होता, कशाने रडू येतं. शिंपीकाकांनी तर दोन तास सोडलं नाही. चौथ्या दिवशीही पडदा काळाच बघून संचालिकाबाई स्वयंपाकघरात आल्या.

“तुमच्या दिरांना टीव्ही बंद ठेवायला बोलावलंय का मी?”

“आजचा दिवस जाऊ द्या, बाई.” भीड घालणार नाही म्हटलं होतं, पण तोंडातून निघून गेलं.

पाचव्या दिवशी त्यांनी सिनेमा लावला. जुन्या काळातल्या दोन बहिणी, समुद्राकाठचं त्यांचं खानावळीचं घर, आणि दोघींमधलं जन्माचं भांडण. त्यात दवाखाना नव्हता, रक्त नव्हतं. ऐन रंगात आल्यावर भाऊजींनी तो थांबवला.

“मध्यंतर!” त्यांनी मोठ्याने सांगितलं. “ज्यांना जायचंय त्यांनी जाऊन या.”

घरच्या टीव्हीला मध्यंतर नसतं. म्हाताऱ्या माणसांना ते किती लागतं, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. मी भांडी तशीच टाकून दारात उभी राहिले. इतके दिवस रिमोटवरून भांडण्यापलीकडे एकमेकांशी न बोलणारी ती माणसं तावातावाने बोलत होती.

“मोठी घर सोडून जाणार बघा,” नर्सबाई म्हणाल्या.

“कुठली जातेय! नुसती तोंडाची आहे ती,” शिंपीकाका म्हणाले. “आणि त्या धाकटीचा झगा कुणी शिवलाय? बाही उलटी लावलीय. माझ्याकडे असता तर उसवायला लावला असता.”

“तुमचं आपलं बाहीत लक्ष. चेहरा बघा की जरा!”

सिनेमा संपला तेव्हा गाडी बाहेर येऊन उभी होती. ड्रायव्हरने दोनदा हॉर्न वाजवला, तिसऱ्यांदा आत येऊन हाका मारल्या. कुणी उठेना. मोठीने माफी मागायला हवी होती की नव्हती, यावर हॉलचे दोन तट पडले होते. भाऊजी मध्ये उभे राहून दोन्हीकडचं ऐकत होते आणि मान हलवत कार्डांवर काहीतरी लिहीत होते.

संचालिकाबाई माझ्या शेजारी येऊन थांबल्या. मी मनात देवाचं नाव घेतलं. आठ दिवसांतले तीन अजून उरले होते. त्या बराच वेळ ती हुज्जत बघत राहिल्या, मग भाऊजींना हाक मारून म्हणाल्या, “अहो, रोज असा उशीर झाला तर गाडीवाला मला फाडून खाईल. उद्यापासून अर्धा तास आधी चालू करत जा.”

“उद्या ह्यांना ह्याहून तिखट सिनेमा लागेल,” भाऊजी लिहिता लिहिता म्हणाले. “वहिनी, चहा जरा लवकर होईल का?”