शाहिरांच्या मागे उभे आबा

बाळांनो,

परवा फोनवर धाकटी सांगत होती की तिचा आवडता गायक गेला तेव्हा ती वसतिगृहाच्या खोलीत दिवसभर रडली आणि सोबतच्या मुलीने तिला विचारले, "तो तुझा कोण लागत होता?" तिला उत्तर देता आले नाही. मला देता येते, पण फोनवर नाही. फोनवर तुमचे आजोबा मध्ये बोलतात. म्हणून लिहून पाठवते.

नव्वदच्या दशकात आम्ही बारामतीत राहत होतो. घर एमआयडीसीकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून, पुढे मोठे अंगण. मी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. माझ्या सासऱ्यांना, म्हणजे तुमच्या पणजोबांना, सगळेच आबा म्हणत. मीही आबाच म्हणत असे.

त्या वर्षांत मोठे माणूस गेले की आम्हाला आधी रेडिओवरून कळे. सकाळी गाण्यांच्या जागी नुसती सनई किंवा सारंगी लागली की आबा चहाचा कप खाली ठेवत आणि म्हणत, कोण गेलं बघा. नेता गेला तर शाळेला सुट्टी मिळे. मुली तोंड पाडून फाटकाबाहेर पडत आणि वळणावर पोहोचल्या की खिदळायला लागत. मी त्यांना त्याबद्दल कधी रागावले नाही. सुट्टी ती सुट्टीच. सिनेमातला नट गेला तर केशकर्तनालयात त्याच्या फोटोला हार चढे आणि रसवंतीवाला दिवसभर त्याचीच गाणी लावी. मुख्य चौकात मंडळाचा काळा फळा होता. त्यावर खडूने गेलेल्याचे नाव येई आणि संध्याकाळी फळ्यासमोर शोकसभा होई. फळ्यावर कोणाचे नाव येणार हे मंडळाचे अध्यक्ष ठरवत. ते कापडाचे व्यापारी, बोलायला गोड, आणि त्यांच्या मुली माझ्या वर्गात होत्या.

अशाच एका हिवाळ्यात शाहीर गेले. रेडिओवर सनई लागली नाही. वर्तमानपत्रात आतल्या पानावर, बाजारभावांच्या शेजारी, चार ओळी आल्या. त्या आबांनी मला मोठ्याने वाचायला लावल्या आणि मग वर्तमानपत्र घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवले.

शाहीर कोण, हे तुम्हाला सांगायला हवे. आपल्या लोकांनी छप्पन्न साली बौद्ध धम्म स्वीकारला. त्यानंतरच्या वर्षांत हे शाहीर जलसा घेऊन गावोगाव फिरले. दारू सोडा, मेलेले ढोर ओढू नका, पोरीला शाळेत घाला, हे त्यांनी भाषणातून नाही, गाण्यातून सांगितले. आबा तेव्हा तरुण होते. दोन हिवाळे ते शाहिरांबरोबर फिरले. ते झीलकरी होते. शाहीर पुढे उभे राहून ओळ म्हणायचे, आणि मागच्यांनी तिचा शेवट उचलून धरायचा, ती झील. आबा पुढे उभे राहून कधी गायले नाहीत आणि तशी त्यांची इच्छाही नव्हती. शिकलेलीच सून करायची, हा त्यांचा हट्ट मात्र त्या जलशातून आलेला होता. तेव्हा मी या घरात आले त्यात शाहिरांचाही वाटा आहे, असे मी मानते.

चार ओळी वाचून झाल्यावर आबा धोतर बदलून चौकात गेले. त्याच आठवड्यात सिनेमातला एक नायक गेला होता. फळ्यावर त्याचे नाव होते, खाली रंगीत खडूची फुले होती. अध्यक्षांनी आबांना बसवले, चहा पाजला, सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "आबा, तुमच्या विहारात घ्या की सभा. आम्हीपण येऊ."

आबा घरी आले. संध्याकाळी जेवताना बोलले.

"विहारात तर व्हनारच हाय, सूनबाई. पर त्यांनी काय निस्त्या विहारात गायलं? बाजारतळावर गायलं. समदं गाव बसायचं."

अर्धी भाकरी ताटात ठेवून ते उठले. आबा ताटात अन्न टाकत नसत. शाहीर सगळ्या गावाचे होते की फक्त आपल्या आळीचे, एवढाच प्रश्न होता, आणि अध्यक्षांनी चहाच्या कपासोबत तो निकालात काढला होता.

मी लगेच कार्यक्रम आखला. चौक नाही तर नाही. आपले अंगण रस्त्यावर आहे. उद्या संध्याकाळी अंगणात खुर्ची, पांढरी चादर, फोटो, मेणबत्ती. विहारातली मंडळी आणि शेजारी. मांडामांड सकाळीच, शाळेला जाण्याआधी, म्हणजे संध्याकाळी धावपळ नको. हा निर्णय माझा होता आणि पुढे जे झाले ते धरूनही तो मला योग्यच वाटतो.

शाहिरांचा फोटो आमच्याकडे एकच होता, इंदापूरच्या एका स्टुडिओत काढलेला. शाहीर खुर्चीत बसलेले, मांडीवर तुणतुणे. मागे आबा उभे, काळ्या मिश्या, ताठ मान. सकाळी मी तो चौकटीसह पांढऱ्या चादरीवर ठेवला आणि शेवंतीचा हार घातला. हार चांगला जाड होता. तो खाली आला तिथे शाहिरांचा चेहरा झाकला गेला. हाराच्या वर दिसत राहिले ते फक्त आबा. मी घड्याळ बघितले आणि शाळेत गेले. आबा आंघोळीला गेले होते.

आबांचा पुतण्या काटेवाडीला राहत असे आणि रोज आमच्यावरून मोटरसायकलने कारखान्यात जाई. त्याने अंगणात पांढरी चादर बघितली, हार बघितला, हारावर काकाचा चेहरा बघितला. तुम्ही म्हणाल, तो आत का नाही आला? आपल्याकडे माणूस गेले की पहिला सांगावा बहिणीला जातो. बहीण आल्याशिवाय उचलत नाहीत. आबांची बहीण इंदापूरला, म्हणजे लांब. तेव्हा रडत बसण्याआधी तिला कळवणे हे त्याचे काम होते आणि त्याने ते चोख केले. तसाच पुढे एसटीडी बूथवर गेला, इंदापूरला फोन लावला, मग काटेवाडीला लावला. बूथवाल्याने ऐकले, त्याने चौकात सांगितले.

दुपारी शाळेचा शिपाई माझ्या वर्गाच्या दारात उभा राहून रडू लागला. आबा गेले, एवढेच त्याला कळले होते. मी पुस्तक बंद केले, वर्ग दुसऱ्या बाईंकडे सोपवला आणि रिक्षा केली. सकाळी माणूस आंघोळीला गेलेला. आंघोळीत काहीही होऊ शकते.

मी पोहोचले आणि इंदापूरची जीप समोर येऊन थांबली. आबांची बहीण, आमच्या आत्याबाई, उतरल्या त्या फाटकापासूनच हंबरडा फोडत. आवाज ऐकून खांद्यावर टॉवेल टाकलेले आबा मागच्या परसातून घाईघाईने पुढे आले; सकाळपासून ते तिकडेच वाफ्यांत होते. बहीण रडते आहे म्हणजे तिच्या घरी काहीतरी झाले, असे त्यांना वाटले. त्यांनी तिला धरले, आणि आत्याबाई त्यांच्याच गळ्यात पडून, माझा दादा गेला, माझा दादा गेला, म्हणत राहिल्या. मग त्यांचा हात आबांच्या मिशीला लागला. त्यांनी मान मागे घेऊन बघितले.

"जित्ता हाईस व्हय रं? मग ह्यो हार कुनाला?"

"शाहिरांना," आबा म्हणाले.

"आन् मी इंदापूरपासनं कुनासाठी रडत आले?"

मी हसले, आणि आत्याबाईंनी माझ्याकडे ज्या नजरेने बघितले ती अजून विसरलेले नाही.

तोवर लोक यायला लागले होते. काटेवाडीच्या माळी बायका आल्या. त्यांची भाजी आणि आबांची भाजी बाजारात वर्षानुवर्षे शेजारी बसलेली. मेलेल्याच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून प्रत्येकीच्या हातात फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या आणि पिठल्याचे भांडे. आबांना समोर बघून त्या ओट्याशी थबकल्या. पुतण्याही पाळी अर्धी टाकून आला आणि फाटकाबाहेरच उभा राहिला. आत्याबाई आत आहेत हे त्याला दिसले होते. आणि सगळ्यांच्या मागून मंडळाचे अध्यक्ष आले, पांढरी टोपी घालून, हातात भलामोठा हार घेऊन. सोबत चौकातले निम्मे दुकानदार.

आता अडचण अशी, की मढ्याच्या घरी आणलेली भाकरी परत नेत नाहीत. हारही नेत नाहीत. आलेला माणूस न बसता गेला तर ते घराला लागते. माणूस जिवंत निघाला तर काय करायचे, हे मात्र कोणालाच माहीत नव्हते. अध्यक्ष तर हार पाठीमागे लपवायला बघत होते, पण तो लपण्याच्या मापाचा नव्हता.

आबांनी टॉवेल नीट केला आणि म्हणाले, "माझ्यासाठी आला न्हवं? मग बसा. मी गेलो असतो तर तुमाला ह्यांच्याच गान्याला बसवलं असतं."

आणि लोक बसले. मी सतरंज्या आणल्या. संध्याकाळचा कार्यक्रम दुपारी सुरू झाला. मला वेळ बदललेली आवडत नाही, पण ती सभा मी थांबवली नाही. आबांनी फोटोवरचा हार बाजूला सारला, शाहिरांचा चेहरा मोकळा केला आणि अध्यक्षांना पुढे बोलावले. त्यांनी आणलेला हार त्यांच्याच हाताने खुर्चीच्या पाठीला घातला गेला. माळ्यांच्या एका म्हातारीने वाकून फोटो बघितला आणि विचारले, ह्ये तुमचं कोन लागायचं?

"ह्ये म्होरं व्हते," आबा म्हणाले, "मी मागं व्हतो. तेवढंच नातं."

म्हातारीला ते पुरले. ती म्हणाली की लहानपणी बाजारतळावर तिने हा माणूस ऐकला होता, घरच्यांना चुकवून. मग आणखी दोघा म्हाताऱ्यांना आठवले.

दोन मिनिटे उभे राहिल्यावर कोणीतरी म्हणाले, आबा, म्हणा एखादे. आबा फोटोच्या मागे जाऊन उभे राहिले, फोटोतल्यासारखेच. त्यांनी झील म्हटली. मग ओळीएवढा वेळ थांबले. ओळ म्हणणारे कोणी नव्हते. मग पुन्हा झील. मधल्या त्या थांबण्यात रस्त्यावरून ट्रक जात होते, आणि बसलेली माणसे ट्रक जाईपर्यंत ओळ ऐकत असल्यासारखी बसली होती. मी अनेक शोकसभा बघितल्या. माणूस नसण्याची जागा इतकी मोजून कोणी दाखवली नाही.

नंतर सगळ्यांनी मिळून भाकऱ्या खाल्ल्या. चौकातल्या दुकानदारांनी आमच्या अंगणात मांडी घालून पिठले-भाकरी खाल्ली, तेही आमच्याच ताटांत. अध्यक्ष हात धुताना आबांना म्हणाले की उद्या चौकात फळा लिहितो, सभा घेऊ. ते मनापासून बोलत होते.

"आता कशाला?" आबा म्हणाले. "चौक हितंच आला की."

आत्याबाई जीपमध्ये बसताना पुन्हा पेटल्या. पुढच्या वेळी मी येनार न्हाय, असे त्यांनी भावाला बजावले. काही वर्षांनी आबा खरोखर गेले तेव्हा त्याच पहिल्यांदा पोहोचल्या, आणि आल्या आल्या आधी त्यांच्या मिशीला हात लावून बघितला.

तेव्हा आम्ही तोच फोटो मांडला. आबा ते आधीच सांगून गेले होते. वेगळा फोटो नको म्हणाले होते. हार बारीक आणा, एवढी एकच सूचना होती. मी बारीक आणला आणि दोघांचे चेहरे दिसतील असा घातला.

तुमची,
आजी