दुपारी गुलाबी होणारी भिंत

ऑफिसात त्यांना सगळे उजेडकाका म्हणत. अजून बांधलीच नाहीत अशा घरांच्या खोल्या कॉम्प्युटरवर हुबेहूब उभ्या करायच्या, हे त्यांचं काम. अर्धं आयुष्य हाताने नकाशे काढण्यात गेलं, चाळिशी उलटल्यावर माऊस धरला. पण धरला तो असा की नंतर आलेले सगळे त्यांच्याच हाताखाली शिकले.

बायको जाऊन दीड वर्ष झालं होतं. मुलगी लांब, सासरी. काका सकाळी आठला घराला कुलूप लावत ते दिवेलागणीनंतरच उघडत. रिकाम्या घरात बसून करायचं काय?

एकदा आर्किटेक्ट बाईंनी झोपायच्या खोलीचं एक चित्र परत पाठवलं. "काका, पलंग आहे, पडदे आहेत, पण दुपार कुठाय? हा तर दवाखाना वाटतोय."

काकांच्या जिव्हारी लागलं. कोपरे काळे दिसू नयेत म्हणून त्यांनी चित्रात चार दिवे लपवले होते. एक वाढवला, दुसरा कमी केला. खोली आणखीच पांढरीफटक पडली.

"तुमच्या घरी दुपारचा उजेड कसा येतो, तो बघा ना," बाई सहज म्हणाल्या. काका दुपारी कधी घरी नसतच.

दुसऱ्या दिवशी त्यांनी रजा टाकली आणि आपल्याच झोपायच्या खोलीत खुर्ची टाकून पाहुण्यासारखे बसले. अडीचच्या सुमारास ऊन खिडकीतून लाल फरशीवर उतरलं. तिथून उजेड उडाला तो थेट पलंगाशेजारच्या भिंतीवर. पांढरी भिंत खालून गुलाबी झाली, वर जाता जाता विरली. कपाटामागचा कोपरा मात्र अंधाराच राहिला. काका वहीत टिपू लागले आणि मध्येच थांबले.

शेवटचे सात महिने बायको याच पलंगावर होती. एका संध्याकाळी ती म्हणाली होती, "अहो, दुपारी ही भिंत गुलाबी होते. एकदा थांबा ना बघायला." ट्यूबलाइटमध्ये भिंत पांढरीच दिसत होती. "बरं," म्हणून ते डबा घासायला निघून गेले होते.

त्यांनी मेहुणीला फोन लावला. दिवसा तीच बहिणीजवळ बसायची.

"ती दुपारची काय करायची गं?"

"आधी गप्पा मारायची. पुढे पुढे नुसती भिंतीकडे बघत पडायची. मी विचारलं, काय आहे तिथे? तर म्हणाली, तुझ्या भावजींना सांगितलंय, थांबतील एखाद दिवशी."

फोन ठेवून ते तिच्या जागी, पलंगावर जाऊन टेकले. तो गुलाबी रंग जायला चाळीस मिनिटं लागली.

ऑफिसात गेल्यावर त्यांनी चारही दिवे काढून टाकले. खिडकीबाहेर एक सूर्य आणि आभाळ ठेवलं, जमीन तांबूस केली, कोपऱ्यातल्या अंधाराला हात लावला नाही.

बाईंनी नवं चित्र उघडलं. "आता इथे कुणीतरी राहतंय," त्या म्हणाल्या. "कसं जमलं?"

"दिवे काढले," काका म्हणाले आणि पुढची फाइल उघडली.

त्यानंतर ते शनिवारी अर्धी रजा घेऊ लागले. थंडीत ऊन कललं, फरशी ओलांडून सरळ कपाटावर पडू लागलं. भिंत काही रंगेना. तरी काका बसत.