आबांचं ताट

नव्वदच्या दशकात इंदापूरहून बारामतीला कॉलेजला आलो, तेव्हा वसतिगृहातल्या मित्रांसाठी मी जेवणाच्या चांगल्या जागांची यादी करायला घेतली. माझी अट एकच होती: जिथं जात पाळतात तिथं जेवायचं नाही, रस्सा कितीही चांगला असो. चळवळीची पत्रकं वाचत वाढलेल्या मला हे फार सोपं वाटायचं.

उडप्याचं हॉटेल, बिर्याणीवाला सगळं पाहिलं. पण स्टँडमागच्या मावशींच्या खानावळीतलं मटण आणि बाजरीची भाकरी सगळ्यांत सरस. ती जागा मी यादीत सर्वांत वर लिहिली.

दुसऱ्याच दिवशी तिथं एक म्हातारे आबा जेवून उठले आणि मोरीवर स्वतःचं ताट घासायला बसले. बाकी कुणी ताट उचलत नव्हतं. माझं डोकं फिरलं.

"मावशी, त्यांना ताट धुवायला लावता?"

"मी? रोज म्हणती, ठिवा आबा. ऐकतंय कोण!"

मी आबांना विचारलं.

"हितं कुणी सांगत न्हाय रं. तुझ्याएवढा हुतो तवा सगळीकडं आमच्या जातीला सांगायची. आता न धुता उठलो तर जेवल्यागत वाटत न्हाय."

मी माझंही ताट घेऊन त्यांच्याशेजारी बसलो, तर मावशी भडकल्या, "माझ्या हातचं घासल्यालं चालत न्हाय व्हय तुला?"

"राख जास्त घे," आबा मला म्हणाले, "तेलकट हाय."

संध्याकाळी मित्रांनी यादी पाहून विचारलं, "तिथं जात पाळतात का?"

मला हो म्हणता येईना, नाहीही म्हणता येईना.